आधी जागा, मग डोझर

जुना डोझर विकणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मशीन फार चाललेलं नाही, साहेब." हे ऐकलं की माझा निम्मा उत्साह तिथेच ओसरतो. फार चाललेलं नाही म्हणजे उभं होतं. कुठे उभं होतं, किती पावसाळे, डोक्यावर पत्रा होता की नाही, सायलेन्सरच्या तोंडावर निदान एखादा डबा तरी उपडा घातला होता का, यातलं काही तो सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. गिऱ्हाईक किती तास चाललं ते दाखवणारा आवर मीटर बघतं. तो बहुधा बंदच असतो.

मोटारीच्या बाबतीत कमी चाललेली गाडी म्हणजे घबाड. चेनवर चालणाऱ्या यंत्राचं उलटं आहे. कामावर राहिलेला डोझर झिजतो, आणि झीज मोजता येते. पट्टी लावा, व्हर्निअर लावा, आकडा समोर येतो, भाव त्याप्रमाणे पाडून मागता येतो. उभा राहिलेला डोझर आतून गंजतो, आणि तो गंज पैसे देऊन झाल्यावर दिसतो. स्टीअरिंग क्लचच्या प्लेटा एकमेकींना धरून बसतात, सीलचं रबर कडक होतं, चेनच्या सांध्यांतल्या पिना त्यांच्या नळ्यांमध्ये, म्हणजे बुशांमध्ये, जाम होतात, डिझेलच्या टाकीत पाणी साठतं, उघड्या सायलेन्सरमधून पावसाचं पाणी थेट सिलिंडरपर्यंत उतरतं. बाहेरून मात्र नवा पिवळा रंग.

मुंबईत तर हे जास्तच. खारी हवा बारा महिने आणि पाऊस चार महिने. म्हणून कुणी विचारलं की जुना क्रॉलर, म्हणजे चेनवर चालणारं यंत्र, घ्यायचाय, कुठला घेऊ, तर मी आधी विचारतो, ठेवणार कुठे? आपल्याकडे लग्न ठरवतानाही हा प्रश्न पहिला येतो, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

आम्ही तिघे आहोत या नादात. एक जहाजावर इंजिनिअर होता, एक विम्यात, मी बँकेत. तिघांचे फ्लॅट एकत्र केले तरी आत डोझर वळणार नाही. जागा मिळाली ती जहाजवाल्याच्या सासऱ्यांच्या गोराईतल्या वाडीत. नारळ, ताड, थोडे आंबे, आणि एका कोपऱ्यात पत्र्याची जुनी शेड. सासरेबुवांच्या अटी दोनच. विहिरीपासून लांब ठेवायचं, आणि तेलाचा थेंब जमिनीवर पडता कामा नये. दुसरी अट ऐकून जहाजवाला माझ्याकडे बघायला लागला. तेल न गळणारा जुना डोझर म्हणजे तेल संपलेला डोझर, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक. शेवटी पत्र्याचे ट्रे करून घेतले आणि सासरेबुवांना ते दाखवले.

जागा ठरली तशी बरीचशी निवड आपोआप झाली. बोरिवलीहून गोराईला माणसं आणि दुचाक्या फेरीबोटीने जातात, पण डोझरला भाईंदरवरून उत्तनच्या रस्त्यानेच यावं लागतं, तेही ट्रेलरवर. लोखंडी चेनचं यंत्र डांबरी रस्त्यावरून स्वतः चालवत नेता येत नाही. रस्ता फाटतो आणि चेनचीही वाट लागते. वाडीत शिरायची गल्ली अरुंद. म्हणजे वजन पाच-सहा टनांच्या वर नको, रुंदी बेताची हवी. इथे बीईएमएलचा, म्हणजे भारत अर्थ मूव्हर्सचा, डी-५० बाद झाला, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटलं. कारण डोकं शाबूत ठेवून निवड करायची तर भारतात तोच घ्यावा. कोमात्सुच्या तंत्रज्ञानावर कोलार गोल्ड फील्ड्सच्या कारखान्यात बनलेला, दहा-बारा टनांच्या घरातला, देशभर धरणांवर, खाणींवर, रस्त्यांवर राबलेला. त्याचा चेनवर फिरणारा रोलर, चेन ओढणारं दातेरी स्प्रॉकेट, पिन-बुश कुठेही मिळतो आणि तो उघडून बसवणारा मिस्त्रीही मिळतो. पण नाद आणि डोकं एका वेळी एका माणसात राहत नाहीत.

लहान यंत्रांत पर्याय तसे थोडे. इंग्लंडच्या रॅन्सम्स कंपनीचे एमजी मालिकेतले क्रॉलर, १९३६पासून तीसेक वर्षं बनले, इतके छोटे की वाफ्यांमध्ये चालवायचे. दिसायला गोड, पण त्यांच्या पट्ट्यांना रबराचे सांधे, ते आता आणायचे कुठून? इंटरनॅशनल हार्वेस्टरचा टीडी-६ मला फार आवडतो. त्याचं डिझेल इंजिन पेट्रोलवर चालू व्हायचं आणि गरम झालं की एका दांड्याने डिझेलवर यायचं. त्यासाठी प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यात एक जादा व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग. कल्पना झकास, पण त्यामुळे हेडची रचना गुंतागुंतीची, आणि हेडला तडा गेला की आपल्याकडे संपलं. कोमात्सुचा डी-२० व्यवहाराला उत्तम, पण बॅटरीवर चावी फिरवून चालू होणारं मशीन घेऊन मग नाद तो कसला, असं विमेवाल्याचं म्हणणं. उरले कॅटरपिलरचे डी-२ आणि डी-४. दोन्ही १९३८ साली आले. डी-२ १९५७पर्यंत बनला, डी-४ पुढेही बनत राहिला. आमचा डी-४ 'सेव्हन-यू' मालिकेतला, म्हणजे १९४७ ते १९५९च्या मधला. नंबरप्लेटवरचा क्रमांक ७यू या अक्षरांनी सुरू झाला की दोन चेनमधलं अंतर साठ इंची, ६यू असेल तर चव्वेचाळीस इंची. हे माहीत असलं की विकणाऱ्याच्या निम्म्या गोष्टी तिथेच गळून पडतात.

अशी मशीनं इथे आली कशी, याची उत्सुकता मला इंजिनापेक्षा जास्त होती. बेंजामिन होल्टने कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनजवळच्या मऊ, रुतणाऱ्या जमिनीवर चाकांऐवजी लाकडी फळ्यांच्या चेन बांधून वाफेचा ट्रॅक्टर चालवला तो १९०४ साली. पुढे १९२५मध्ये होल्ट आणि बेस्ट या दोन स्पर्धक कंपन्या एक झाल्या आणि कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात आसामातून ब्रह्मदेशमार्गे चीनकडे जाणाऱ्या लेडो रोडसाठी, विमानतळांसाठी ही यंत्रं हिंदुस्थानात ढिगाने उतरली. युद्ध संपलं आणि मागे राहिलेला माल विक्रीला निघाला. इथे मुंबईचा धागा लागतो. बॅलार्ड इस्टेटमध्ये दोन डॅनिश इंजिनिअरांनी १९३८मध्ये काढलेली एक भागीदारी पेढी होती. तिने १९४५ साली कॅटरपिलरची विक्री हाती घेतली. युद्धातली यंत्रं स्वस्तात मिळत होती, पण त्यांना लागणारं भांडवल भागीदारीला झेपेना. म्हणून ७ फेब्रुवारी १९४६ रोजी पेढीची कंपनी झाली. ती लार्सन अँड टुब्रो. पवईला एल अँड टीच्या गेटवरून बस जाते तेव्हा मी शेजारच्याला हे सांगतो. शेजारचा मोबाइलमधून मान वर काढत नाही.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात, उत्तर प्रदेशात कांस गवताने हजारो एकर काळी जमीन खाल्ली होती. त्याची मुळं बैलांच्या नांगराला दाद देत नसत. तिथे सरकारच्या सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशनने क्रॉलर लावले, आधी युद्धातले उरलेले आणि मग १९४९मध्ये जागतिक बँकेकडून मिळालेल्या एक कोटी डॉलरच्या कर्जातून घेतलेले. त्यानंतर धरणं आली. तेव्हा आज आपल्या हाती लागतो तो जुना क्रॉलर युद्धातून, शेतीतून नाहीतर धरणावरून आलेला असतो, आणि मग कुणा कंत्राटदाराच्या आवारात निवृत्त झालेला. ते आवार कुठल्या जिल्ह्यात, हे माझ्या लेखी मॉडेलपेक्षा महत्त्वाचं. सोलापूर-नगरकडच्या कोरड्या माळावर वीस वर्षं उघड्यावर पडलेलं मशीन कोकणात पत्र्याखाली पाच वर्षं ठेवलेल्यापेक्षा कधीही बरं.

बघायला जाताना आमच्याबरोबर मिस्त्रीकाका असतात. मूळ संगमेश्वरचे, सारं आयुष्य मुंबईत डोझरांवर काढलेलं. त्यातली बरीच वर्षं देवनारच्या डम्पिंगवर. १९२७पासून शहर तिथे कचरा टाकतंय, आणि तो कचरा ढकलून, दाबून जागा करायचं काम डोझरचं. काका सांगतात, दगडाने मशीन मरत नाही, कचऱ्याने मरतं. वायर, साडी, नायलॉनची दोरी स्प्रॉकेटच्या मागे गुंडाळत जाते, स्प्रॉकेट फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरपेटीच्या, म्हणजे फायनल ड्राइव्हच्या, सीलपर्यंत पोहोचते आणि सील कापते. तेल जातं, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि महिन्याभरात गिअरचा भुगा. तिथली धग, तो धूर, त्यावर ते फार बोलत नाहीत.

शिळफाट्याच्या पुढच्या एका आवारात आम्ही पहिलं मशीन पाहिलं. मालक मोठ्या तोऱ्यात होता. डी-४, नवा रंग, बसायला नवी गादी. काकांनी ना ब्लेड पाहिलं, ना चेन. सरळ जाऊन इंजिनाच्या ब्लॉकला तळहात लावला आणि तसाच ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चला, चहा घेऊ." ब्लॉक कोमट होता. आम्ही यायच्या आधी मशीन चालू करून ठेवलं होतं, म्हणजे थंड इंजिन कसं उठतं ते आम्हाला कळू नये. टपरीवर चांगला तासभर काढला. मालक दोनदा बोलवायला आला, काका म्हणाले, "घाई नाय आमाला, पोरगी बगायला आलोय काय?"

परत गेल्यावर त्यांनी इंजिनाखालचा, तेल काढायचा ड्रेन बोल्ट पान्याने हळूच ढिला केला. पूर्ण काढला नाही. मशीन रात्रभर उभं असलं की तेलात मिसळलेलं पाणी खाली बसतं, आणि बोल्ट ढिला केला की आधी पाणी येतं, मग तेल. पण ते हलवून-चालवून ठेवलेलं असल्यामुळे पाणी वेगळं न येता तेलच आलं, ताकाळलेलं, चहाच्या रंगाचं. काकांनी ते अंगठा आणि तर्जनीत घासून मला दाखवलं, चिंधीला पुसलं, आणि बोल्ट परत आवळला. मालकाला एवढंच म्हणाले, "रंग चांगला काढलाय हो." तिथून निघालो.

आमचं मशीन शेवटी नगर जिल्ह्यातून आलं. रंग नावाला नव्हता. सगळं तपकिरी, पण कोरडं तपकिरी. त्याची चेन काकांनी ज्या रीतीने तपासली ती मी नंतर प्रत्येक ठिकाणी वापरली. आधी वरच्या बाजूने चेन पहारीने आडवी ढकलायची. डावी-उजवी किती सरकते त्यावरून पिना-बुशांची अवस्था कळते. मग बुशांच्या खालून बोट फिरवायचं. बुश एका बाजूने झिजतो, गोल राहत नाही, बोटाला चपटेपणा लागतो. मग स्प्रॉकेटचे दात. दोन्ही बाजूंनी सारखे बोथट असतील तर ठीक, टोकदार झाले असतील तर चेन ताणली गेली आहे. चेन ताणते म्हणजे पोलाद लांबत नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि बुश थोडी थोडी झिजते आणि सगळ्या सांध्यांची ती झीज मिळून चेन लांब होते. तिचा टप्पा स्प्रॉकेटच्या दातांशी जुळेनासा होतो आणि दोघं एकमेकांना खातात. पिना-बुश प्रेसवर काढून अर्ध्या वळणाने फिरवून परत बसवले की न झिजलेली बाजू कामाला येते आणि चेनला दुसरं आयुष्य मिळतं. पण त्याला मोठा हायड्रॉलिक प्रेस लागतो, आणि वेळेत लागतो. बुश आरपार झिजला की फिरवण्यात अर्थ नाही. क्रॉलरच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च हा खालच्या भागाचाच असतो, हे या धंद्यातलं जुनं गणित आहे. लोक इंजिनाचा आवाज ऐकून सौदा करतात आणि मग चेनपाशी रडतात.

मशीन घरी आलं, आता ते चालू करायचं. डी-४ला चावी नाही. त्याच्या मोठ्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाच्या कुशीत दोन सिलिंडरचं एक छोटं पेट्रोल इंजिन असतं. इंग्रजीत त्याला पोनी म्हणतात, आमचे काका 'छोटा' म्हणतात. आधी छोट्याच्या फ्लायव्हीलला दोरी गुंडाळून ओढायचं. तो खोकत खोकत उठतो. मग एका दांड्याने मोठ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, सोडायचं, दुसऱ्याने दोघांना जोडणारं छोटं दातेरी चाक, पिनियन, अडकवायचं, तिसऱ्याने छोट्याचा क्लच हळूहळू लावायचा. आता मोठं इंजिन मोकळं फिरायला लागतं, एक थेंब डिझेल न जाळता. तेलाच्या काट्याकडे बघत थांबायचं. दाब चढला, म्हणजे सगळ्या बेअरिंगांना तेल पोहोचलं. तोवर छोट्याचा धूर मोठ्याच्या इनटेकला ऊब देत असतो, आणि दोघांचं पाणी एकच असल्यामुळे ब्लॉकही कोमट होतो. मग कॉम्प्रेशन लावायचं. छोटा दबतो, त्याचा आवाज जड होतो, पण थांबत नाही. डिझेल उघडलं की मोठं धडधडत पेटतं, वेग घेतं, आणि पिनियन आपलं आपण सुटून बाजूला होतं. शेवटचं काम लोक विसरतात: पेट्रोलचा कॉक बंद करून छोट्याला कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं पिऊ द्यायचं. नाहीतर तेच पेट्रोल गळून त्याच्या तेलात उतरतं.

थंडीत गोठलेल्या मुलखासाठी केलेली ही सगळी व्यवस्था गोराईच्या उकाड्यात हास्यास्पद वाटेल. मला नाही वाटत. डिझेल पेटायच्या आधी सगळीकडे तेल पोहोचवणारं इंजिन सत्तर वर्षं का टिकलं, याचं उत्तर त्या दोन मिनिटांत आहे. आताचा त्रास वेगळाच. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि इथल्या हवेत ओलीला काय तोटा! जुनी रबरं त्यात फुगतात, कार्बोरेटरच्या तळाला हिरवट थर धरतो. म्हणून छोट्याची टाकी आम्ही कधी भरून ठेवत नाही. लागेल तेवढं घालायचं, उरेल ते काढून स्कूटरला.

आता स्टीअरिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण जुन्या क्रॉलरचं खरं मरण तिथे आहे. याला स्टीअरिंगचं चाक नसतं. दोन्ही चेनना वेगवेगळा क्लच, दोन दांडे, आणि पायाखाली दोन ब्रेक. डावा दांडा ओढला की डाव्या चेनची ताकद तुटते, उजवी ढकलत राहते, मशीन डावीकडे वळतं. जास्त वळायचं असेल तर डावा ब्रेक. मधला मोठा क्लचही हातानेच. हे क्लच कोरडे, म्हणजे तेलात बुडालेले नाहीत. वर्षभर तसेच दाबलेले राहिले आणि आत दमट हवा गेली की पोलादी आणि अस्तर लावलेल्या प्लेटा मिळून एक लादी होते. मग दांडा ओढा नाहीतर दांड्याला लटका, मशीन सरळच जातं. समोर विहीर असली तरी.

आमचा उजवा क्लच असाच बसला होता. काकांनी वरचं झाकण काढून आत डिझेल ओतलं. पूर्वी रॉकेल वापरायचे. आता मुंबईत रॉकेल शोधणं हाच वेगळा उद्योग आहे. दोन दिवस भिजू दिलं, खालच्या बोल्टातून काढून टाकलं, काळंशार पाणी आणि गंजाचा चिखल आला. मग मशीन गरम करून, उजवा दांडा मागे ओढून दोरीने सीटला बांधून टाकला, पहिला गिअर घातला, आणि काका डबक्याएवढ्या गोलात ते पुढे-मागे नेत मध्येच उजवा ब्रेक दाबायला लागले. दाबायचे, सोडायचे. दरवेळी मशीन अडखळायचं आणि पुढे जायचं. जहाजवाला सल्ला द्यायला लागला, उघडून काढू या म्हणाला. काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग एका दाबाला आतून टाळी वाजल्यासारखा आवाज आला आणि मशीन गर्रकन उजवीकडे फिरून केळीच्या दिशेने तोंड करून उभं राहिलं. सासरेबुवा ओट्यावरून पाहत होते. म्हणाले, "केळी राहू द्या."

सुट्या भागांसाठी मुंबईसारखं शहर नाही, हे मात्र खरं. जुन्या अमेरिकन यंत्राचं सगळं माप इंचात, पण टिमकेन बेअरिंगचे क्रमांक सत्तर वर्षांपूर्वीचे तेच आजही चालतात. नागदेवी स्ट्रीटवरच्या काउंटरवर मी तेलकट बेअरिंग ठेवतो, माणूस अंगठ्याने कडा पुसतो, क्रमांक वाचतो आणि मागे न वळता आतल्या पोराला ओरडून सांगतो. ऑइल सीलचा क्रमांक पुसला असेल तर व्हर्निअर लावून आतलं, बाहेरचं, जाडी. हुबेहूब नसलं तर जवळचं मिळतं आणि टर्नर रिंग करून देतो. झाकणाखालचं कागदी पॅकिंग तर कधीच विकत आणू नये. शीट घ्यायची, झाकणावर ठेवायची, आणि गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने टकटक करत जायचं. लोखंडाची धारच कागद कापते. भोकंही तशीच पाडायची, वर एक छर्रा ठेवून. हे काम मला येतं, आणि घरच्या जेवणाच्या टेबलावर ते केल्याबद्दल मी काय काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. जाड चेन, शॅकल, जॅक, पहारी हवं असेल तर दारूखाना. जहाजं तोडून निघालेला माल तिथे वजनावर मिळतो आणि तो डोझरपेक्षा दणकट असतो.

एका गोष्टीला बगल देता येत नाही. मशीन ट्रेलरवरून उतरलं तेव्हा गावठाणातल्या एक आजी वाडीच्या गडग्यापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि शांतपणे विचारलं, "कुणाचं घर पाडायला आणलंत?" या शहरात हा प्रश्न रास्त आहे. डोझर म्हटलं की मुंबईकराला तोडकाम आठवतं. नव्वदच्या दशकात महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार यांच्या कारवायांनी पेपर भरून यायचे, तेव्हा आम्ही टाळ्याही वाजवल्या होत्या. आणि त्याच रस्त्यावर पावसाळ्याच्या तोंडावर झोपडी गेलेली बाई भांडी गोळा करताना आम्ही पाहिली होती. यंत्राला मन नसतं वगैरे बोलून मोकळं होता येत नाही. ब्लेडच्या मागे बसलं की दोन पायांत एवढी ताकद येते की समोरचं काहीही क्षुल्लक वाटायला लागतं, हे मी बसून अनुभवलंय आणि मला ते आवडलं, हीच अडचण आहे. आजींना मी सांगितलं, आतला रस्ता सपाट करायला आणलंय. त्यांचा विश्वास बसला नाही. पहिल्या पावसानंतर वाडीच्या वाटेवरचा गाळ ओढून काढला तेव्हा त्यांनी स्वतःच्या दारासमोरचाही ओढायला सांगितला, आणि मग ओढताना चूक काढली.

खाडीच्या बाजूला मात्र आम्ही ब्लेड नेत नाही. वाडीला लागून कांदळवन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्येच कांदळवनं तोडायला आणि त्यांत भराव टाकायला बंदी घातली. ओळखीतल्या एकाने "थोडी भरणी करून द्या, रात्रीचं" म्हणून विचारलं होतं. काकांनी त्याला सांगितलं की मशीनला रात्री दिसत नाही.

देखभालीचं वेळापत्रक कंपनीच्या पुस्तकात तासांवर आहे. आमचं पंचांगावर. मे महिन्याच्या शेवटी चेन धुऊन काढायची. रोलरमध्ये वाळलेला चिखल सिमेंटसारखा होतो, रोलर फिरत नाही, आणि न फिरणारा रोलर एका बाजूने चपटा होतो. समुद्राची वाळू तर पॉलिशपेपरच. किनाऱ्यावर मशीन नेऊन फोटो काढायचा विमेवाल्याचा बेत आम्ही दोघांनी हाणून पाडला. चेनचा झोळ वरच्या रोलरपासून पुढच्या मोकळ्या चाकापर्यंत, म्हणजे आयडलरपर्यंत, पट्टी धरून बघायचा, इंच-दीड इंच हवा. कडक चेन दिसायला छान दिसते आणि सगळ्यात लवकर झिजते. रोलरांना ग्रीस मारायचं, जुनं काळं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. मग मशीन लाकडी स्लीपरांवर चढवायचं, जमिनीवर नाही. डिझेलची टाकी काठोकाठ, म्हणजे आत दमट हवेला जागा नको. सायलेन्सरवर डबा. आणि दोन्ही स्टीअरिंगचे दांडे मागे ओढून बांधून ठेवायचे, म्हणजे प्लेटा सुट्या राहतात, चार महिन्यांत चिकटत नाहीत.

एवढं करूनही पावसाळ्यात अधूनमधून गोराईला जावं लागतं. फेरीबोट बंद असली तर भाईंदरवरून. दोरी ओढायची, छोट्याला उठवायचं, मोठ्याला उठवायचं, पाण्याचा काटा चढेपर्यंत चालवायचं. पाच मिनिटं चालवून बंद करणं हे न चालवण्यापेक्षा वाईट. इंजिन गरम होत नाही, आत वाफ तेवढी धरते. मग स्लीपरांवरच फूटभर पुढे, फूटभर मागे, दोन्ही दांडे ओढून. मागे जाताना जपून. उलटं चालताना ताण आलेली चेन स्प्रॉकेटला वेगळ्या बाजूने घासते आणि बुश जास्त खाल्ले जातात, म्हणून या यंत्राला लांब पल्ल्याचं मागे नेऊ नये, वळवून सरळ आणावं. हे मला काकांनी सांगितलं आणि मग कंपनीच्या जुन्या पुस्तकातही सापडलं. काकांना दाखवलं तर म्हणाले, "बरोबर लिवलंय त्यांनी."

सध्याचं दुखणं डाव्या फायनल ड्राइव्हचं आहे. सील गेलंय, ट्रे दोन आठवड्यांत भरतो, आणि सासरेबुवा रोज सकाळी ट्रे बघतात. सील नागदेवीला मिळालं, बेअरिंगही मिळालं. अडलंय ते स्प्रॉकेट काढण्यापाशी. ते शाफ्टच्या निमुळत्या खाचांवर दाबून बसवलेलं असतं, हातोडीने हलत नाही, आणि गॅसने तापवायला काका तयार नाहीत. सील बसायची जागा वाकडी होईल म्हणतात, आणि त्यांचं खरं आहे. पन्नास टनी हायड्रॉलिक पुलर हवा आहे, मध्ये भोक असलेल्या जॅकचा. कळंबोलीला एकाकडे आहे, पण तो यंत्र तिकडे घेऊन या म्हणतो. ठाणे-वसई पट्ट्यात कुणाकडे असेल तर दोन दिवसांसाठी भाड्याने घेऊ. न्यायला-आणायला आम्ही येऊ, आणि काका येताना चिंध्या घेऊन येतात, त्यामुळे परत देताना तो आहे त्यापेक्षा स्वच्छ असेल.